पडद्यावरची साक्ष कोणत्या बोलीत?

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाला, ‘सर, खऱ्या गुन्ह्यांवर एवढ्या मालिका न् पिच्चर येऊन रायले, पण त्यात आपल्या इकडचे लोक आपल्यासारखे काऊन नाही बोलत?’ आणि लगेच जीभ चावून म्हणाला, ‘म्हणजे, का बोलत नाहीत?’ प्रश्न चांगला होताच. पण आम्हाला त्या जीभ चावण्याने जास्त छळलं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

वाशिमकरांना सगळ्यात जवळचं उदाहरण नागपूरचं. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबा नगर वस्तीतल्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. जमावात बायका पुढे होत्या. त्याच्यावर खुनाचे, बलात्काराचे आरोप होते आणि पोलीस दाद घेत नाहीत, ही वस्तीची जुनी तक्रार होती. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेवर २०२१ साली सार्थक दासगुप्ता यांचा ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट झी फाइव्हवर आला. पुढच्याच वर्षी उमेश कुलकर्णी यांनी नेटफ्लिक्ससाठी त्याच घटनेवर तीन भागांचा माहितीपट केला. एकच घटना, दोन कलाकृती. कान लावून ऐकायला याहून चांगली सोय नाही.

चित्रपटाचं श्रेय आधी देऊ. जातीचा प्रश्न तो टाळत नाही. अमोल पालेकरांनी निवृत्त दलित न्यायाधीश फार संयमाने उभा केलाय. पण डोळे मिटून ऐका. वस्ती नागपूरची आहे आणि नागपूर कुठे ऐकू येत नाही. नागपूरची हिंदी ही अजब चीज आहे बघा. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशाची राजधानी. हिंदी आणि मराठी इथे एकाच ओट्यावर खेळून मोठ्या झाल्या. ‘मेरेको’, ‘कायको’, ‘हौ’, आणि वाक्याच्या शेवटी तो ‘बे’. कातडी हिंदीची, हाडं मराठीची. आणि घरात शिरलं की ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायली’. चित्रपटात आम्हाला ऐकू आली ती मात्र मुंबईत तयार होणारी, ‘गरीब मराठी बाई’साठी राखून ठेवलेली हिंदी. रिंकू राजगुरू गुणी नटी आहे. ‘सैराट’मधली तिची बोली अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. पण ती अकलूजची, सोलापूरकडची. तिच्या हिंदीला मराठी वळण आहे म्हणून ते नागपूरचं होत नाही. हा तिचा दोष नव्हे. मुंबईच्या कानाला मराठी टोन एकच असतो. तो लागला की काम झालं!

माहितीपटात त्याच वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. तिथे त्यांचं बोलणं कुणी इस्त्री करून दिलेलं नाही. त्या वेळी वस्तीतल्या बायकांनी, अटक करायची तर आम्हा सगळ्यांनाच करा, अशी भूमिका घेतली होती. आता हे वाक्य म्हणजे नुसती माहिती नव्हे. ते बोलणं हीच एक कृती आहे. बोलणारी त्या क्षणी आरोपी व्हायला तयार होते. (आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती मास्तरकीची सवय. त्यांच्या ‘आम्ही’ला तुरुंगाची किंमत होती.) अशी कृती करणारीच्या तोंडून तिची बोली काढून घेतली, तर उरतो तो फक्त मजकूर. आपल्याकडे कोर्टातही हे रोज घडतं म्हणा. साक्षीदार बोलीत सांगतो आणि कागदावर प्रमाण मराठी उतरते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. चित्रपट देशभर दाखवायचा, मग वऱ्हाडी-नागपुरी कुणाला कळणार? हा आक्षेप आम्हाला फारसा पटत नाही, कारण नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आपल्यासमोर आहे. विजय बारसेंच्या आयुष्यावरचा, अमिताभ बच्चन असलेला हिंदी चित्रपट. पण वस्तीतली पोरं खरीखुरी नागपूरची घेतली आणि ती तोंड उघडतात तेव्हा नागपूरच बोलतं. कुणाला काही कळायचं राहिलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खोटी बोली आणण्यापेक्षा बोली नकोच, असा. ‘नार्कोस’ या मालिकेत पाब्लो एस्कोबार झाला ब्राझीलचा वाग्नेर मौरा. त्याची मायबोली पोर्तुगीज. त्याची स्पॅनिश ऐकून कोलंबियातले प्रेक्षक वैतागले. उलट ‘चेर्नोबिल’ मालिकेने रशियन ढंगाच्या इंग्रजीचा नादच सोडला. बहुतेक नट आपापल्या ब्रिटिश इंग्रजीत बोलतात आणि पाच मिनिटांत आपण ते विसरतो. का विसरतो? कारण तिथे सगळ्यांना एकच माप लावलंय, मंत्र्याला तेच आणि खाणकामगाराला तेच. आमचं भांडण बोली नसण्याशी नाही, तिच्या वाटपाशी आहे. न्यायाधीश, पत्रकार, वकील यांना निर्मळ भाषा आणि गुंड, हवालदार, मोलकरीण यांना हेल, असं वाटप झालं की हेल हाच पुरावा होतो.

हे वाटप जुनं आहे. आपलं सगळ्यात गाजलेलं गुन्हेनाट्य म्हणजे ‘मृच्छकटिक’. त्यात गळा आवळणं आहे, खोटा आरोप आहे, कोर्ट आहे. त्यातला राजाचा मेहुणा शकार ‘स’चा ‘श’ करत प्राकृत बोलतो आणि प्रेक्षक हसतात. न्यायाधीश संस्कृत बोलतो. आणि भिंत फोडून चोरी करणारा शर्विलक? तोही संस्कृत! कारण तो ब्राह्मण आहे. म्हणजे भाषा शीलावर नाही, जन्मावर ठरली. आजच्या पटकथालेखकाला ही यादी कुणी दिलेली नसते, तरी त्याचा हात तिथेच जातो. शूद्रकाने निदान चोराला शुद्ध भाषा दिली. आजच्या पडद्यावर शुद्ध बोलणारा चोर सहसा मोठा घोटाळेबाज असतो आणि त्याच्याकडे आपण कौतुकाने बघतो.

अशा कलाकृतींच्या आधी एक पाटी येते. नावं, स्थळं, प्रसंग नाट्यासाठी बदलले आहेत, वगैरे. बोली बदलली आहे, असं कुठल्या पाटीवर आम्ही आजवर वाचलेलं नाही. खरं तर नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. बोली बदलली की त्याचं गाव जातं, जात धूसर होते, आणि तो कुणाशी कोणत्या तोऱ्यात बोलत होता तेही जातं.

आता त्या चावलेल्या जिभेकडे. आम्ही तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं ते कडक प्रमाण मराठीत. आमच्या आईला ‘शाळा’ म्हणता येत नव्हतं, ती ‘शाया’ म्हणायची. आम्ही स्वतः डॉक्टरेटच्या नादात ‘मले’ टाकून ‘मला’ उचललं, आणि टाकलं ते इतकं नेटकं की घरीही परत आलं नाही. वर्गात एक पोरगा होता, हुशार. कांटवर बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मले वाटते...’ आम्ही मध्येच म्हणालो, ‘मला.’ वर्ग हसला. पोराने वाक्य पूर्ण केलं नाही, आणि त्या वर्षी पुन्हा उभाही राहिला नाही. त्याला काय वाटत होतं ते आम्हाला अजून ठाऊक नाही. आणि हे कुठे, तर वत्सगुल्मात! ज्या गावाच्या नावावरून राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त एका काव्यरीतीला ‘वच्छोमी’ म्हटलंय, त्या गावात.

तेव्हा परवाच्या त्या श्रोत्याने पुढच्या वेळी ‘काऊन’ म्हणूनच विचारावं, आम्ही दुरुस्त करणार नाही. बाकीच्यांनी ‘मृच्छकटिका’चा नववा अंक वाचून या. कोर्टाचा आहे. शकाराची वाक्यं मोठ्याने वाचा, जमल्यास एकदा त्याच्या उच्चारात आणि एकदा न्यायाधीशाच्या.