पंचवीसपैकी एक पेशी : १.२ मिलिग्रेचा पेपर कसा वाचायचा

रोथकाम आणि लोब्रिश यांचा २००३ चा पीएनएएसमधला पेपर रेडिएशन बायोलॉजीकडे वळलेल्यांच्या हाती कधी ना कधी पडतोच. दावा दचकवणारा आहे. विभाजन थांबलेल्या मानवी फायब्रोब्लास्ट पेशींना जेमतेम १ मिलिग्रे एक्स-रे दिले, तर डीएनएच्या दोन्ही धाग्यांना पडलेल्या तुटी कित्येक दिवस तशाच राहतात. जास्त डोसला मात्र दुरुस्ती नीट होते.

निष्कर्षावर जाण्याआधी एक गणित करा. १ ग्रेला पेशीमागे साधारण ३५ तुटी, म्हणजे १.२ मिलिग्रेला ०.०४. पंचवीस पेशींत एक! उरलेल्या चोवीस जणींत एकही तूट नाही. तेव्हा 'कमी डोस' हे वर्णन डिशचं झालं, तुटलेल्या पेशीचं नव्हे. अर्धी तूट असं काही नसतं.

आता मोजणी. तूट दिसत नाही, दिसतो गॅमा-एचटूएएक्सचा ठिपका. तो किरण न दिलेल्या पेशींतही असतो, आणि साधारण याच प्रमाणात. समजा हजार पेशींत मुळातले ५० ठिपके आणि किरणांचे ४२. एकूण आकडा नुसत्या योगायोगाने नऊ-दहाने हलतो. शंभरच पेशी मोजल्या तर ५ आणि ९ यांतला फरक सांगणार कसा? इतक्या खालच्या डोसपासून ठिपके डोसच्या सरळ प्रमाणात वाढतात हे दाखवणं, ही माझ्या मते पेपरची खरी कमाई.

अडतं ते पुढे. पेशींना वाढू दिलं की ठिपके मूळ पातळीवर येतात; तुटलेल्या पेशी बाद होत असाव्यात, असं लेखक म्हणतात. त्यांनी पुरावा दिलाय, पण भाषा 'असू शकतं'चीच आहे. कारण जखमी पेशी नुसती थांबली आणि बाकीच्या दोनदा विभागल्या, तरी पंचवीसात एकची सत्त्याण्णवात एक होते. कोणी मेलं नाही, सरासरी मात्र घसरली.

२०१० मध्ये लोब्रिश यांच्याच गटाला दिसलं की पेशींना आधी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं, तर कमी डोसनंतरची दुरुस्ती सुधारते. म्हणजे यंत्रणा आहे, ती जागी व्हावी लागते.

सीटी स्कॅनचा डोस साधारण १० मिलिग्रेच्या घरातला, म्हणून हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. तुटी राहत असतील तर सरळ रेषेच्या हिशेबापेक्षा धोका जास्त. अशा पेशी बाद होत असतील तर कमी. या एकाच पेपरचा आधार दोन्ही बाजू घेऊ शकतात.