असत्य कथा व सत्य कार्य

ग्रेग मॉर्टेन्सन व डेव्हिड ऑलिव्हर रेलिन ह्या दोघां अमेरिकन लेखकांच्या नांवावर २००६ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘थ्री कप्स ऑफ टी’ हें पुस्तक आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाचनांत आलें असेल. के-२ शिखराची चढाई फसल्यावर परततांना वाट चुकलेला एक गिर्यारोहक १९९३ सालीं बाल्टिस्तानांतील कोर्फे गांवीं येतो; गांवचा वृद्ध पुढारी हाजी अली त्यास आश्रय देतो; तेथील मुलें शाळेवांचून उघड्यावर शिकत असलेलीं पाहून तो शाळा बांधून देण्याचें वचन देतो, अशी ही कथा. जिनेव्हांत जन्मलेले शास्त्रज्ञ ज्याँ हर्नी यांच्या द्रव्यसाह्यानें १९९६ सालीं ‘सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूट’ ही संस्था निघाली आणि पाकिस्तान व अफगाणिस्तान ह्या देशांच्या दुर्गम भागांत, विशेषतः मुलींसाठीं, तिनें शाळा उभारिल्या. पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. तेव्हांचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीं आपल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेंतून एक लक्ष डॉलर ह्या संस्थेस दिले.

एप्रिल २०११ मध्यें हें चित्र पालटलें. ‘सिक्स्टी मिनिट्स’ ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानें, आणि पूर्वीं ह्याच संस्थेस देणगी दिलेले लेखक जॉन क्राकौअर यांनीं ‘थ्री कप्स ऑफ डिसीट’ ह्या आपल्या पुस्तिकेनें, मूळ कथेवरच आक्षेप घेतला. मॉर्टेन्सन १९९३ सालीं कोर्फेस गेलेच नव्हते, ते त्यानंतर वर्षानें गेले. आणि वझिरीस्तानांत ज्यांनीं आपणांस पळवून नेलें असें ते सांगतात, ते त्यांचे यजमान होते, असें त्यांचें म्हणणें. कार्यक्रमाच्या लोकांनीं सुमारें तीस शाळा पाहिल्या. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या रिकाम्या, दुसऱ्या कोणी बांधलेल्या किंवा संस्थेच्या मदतीवांचून चाललेल्या आढळल्या. प्रसंगांचा काळ कथेच्या सोयीसाठीं आटोपता घेतला, एवढेंच मॉर्टेन्सन यांचें उत्तर होतें. पुढें २०१२ सालीं मोंटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलनीं संस्थेच्या हिशेबांची चौकशी केली. संस्थेच्या पैशानें स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती विकत घ्यावयाच्या आणि त्यांचें मानधन मात्र स्वतःकडे ठेवावयाचें. प्रवासखर्च संस्थेनें सोसलेला असतां तो व्याख्यानाच्या निमंत्रकांकडूनही घ्यावयाचा. असे प्रकार उघडकीस आले. सुमारें दहा लक्ष डॉलर परत करण्याचें मॉर्टेन्सन यांस कबूल करावें लागलें. कथेच्या खरेपणाचा निवाडा ह्या चौकशीनें केला नाहीं. कार्याचें महत्त्व मात्र तिनें मान्य केलें.

आतां प्रश्न असा कीं, अशा कार्यास सुज्ञ माणसानें यापुढें साह्य करावें काय?

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या परीक्षणापासूनच सुरू झालें पाहिजे. पुस्तकावर मॉर्टेन्सन यांचें नांव लेखक म्हणून आहे. परंतु कथन तृतीयपुरुषी आहे. त्यामुळें आत्मस्तुतीस त्रयस्थाच्या साक्षीचें रूप आलें आहे. उपशीर्षकांतही एका माणसाच्या कार्याची घोषणा आहे. हाजी अलीसारखें एखादें पात्र वगळलें तर गांवकरी केवळ कृतज्ञ होण्यापुरते पुढें येतात. शाळेस शिक्षक कोण, त्याचें वेतन कोण देतो, छप्पर गळलें तर डागडुजी कोणाची, ह्या गोष्टींस कथेंत फारसें स्थान नाहीं. हा दोष निव्वळ वाङ्मयीन नव्हे. जी कथा एकाच नायकाभोंवतीं फिरते, तिच्या आधारावर उभी राहिलेली संस्थाही एकाच माणसाभोंवतीं फिरते. संस्थेचे विश्वस्त अवघे तीन, आणि त्यांत मॉर्टेन्सन स्वतः एक! पुस्तकांत ज्या प्रश्नांना वाव नव्हता, ते विश्वस्तांच्या बैठकींत तरी कोण विचारणार होतें?

कांहीं वाचकांनीं पुस्तकाची किंमत परत मिळावी म्हणून दावा लावला. न्यायालयानें तो काढून टाकला. हें ठीकच झालें. वाचकाची फसवणूक पुस्तकाच्या किंमतींत मोजतां येत नाहीं. त्याचें खरें नुकसान हें कीं, पुढच्या खऱ्या कार्यकर्त्याच्या खऱ्या कथेकडेही तो संशयानें पाहूं लागतो.

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ पाहूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मॉर्टेन्सन यांचे कैवारी बहुधा हाच मुद्दा निराळ्या शब्दांत मांडतात. शाळा झाल्या ना, मग कथेशीं काय कर्तव्य? परंतु नदीचें मूळ पाहिलें नाहीं तरी तिचें पाणी तपासूनच प्यावें लागतें. रिकामी इमारत ही शाळा नव्हे. तिच्यासाठीं कथा खरी असती तरीही पैसा देणें व्यर्थच होतें. उलट जेथें मुली खरोखर बसून शिकत आहेत, तेथील मदत संस्थापकाच्या अपराधासाठीं थांबविणें म्हणजे सुक्याबरोबर ओलें जाळणें होय. त्या मुलींनीं कोणास फसविलेलें नाहीं. २०२१ सालीं अफगाणिस्तानांत तालिबान पुनः सत्तेवर आल्यानंतर मुलींच्या माध्यमिक शाळांचीं दारें बंद झालीं, हें लक्षांत घेतां अशा कार्याची गरज संपली असें कोण म्हणेल?

तेव्हां साह्य करावें, परंतु तें कथेस नव्हे, हिशेबास पाहून करावें. २०१२ च्या तडजोडीनें विश्वस्तांची संख्या वाढविणें भाग पाडलें आणि मॉर्टेन्सन यांच्या हातून पैशाचा कारभार काढून घेतला. ही सुधारणा दात्यांनीं पहिल्याच वर्षीं मागावयास हवी होती. ती त्यांनीं मागितली नाहीं, कारण एका सुरस कथेनें त्यांचें समाधान झालें होतें. देणगी देणाऱ्यास अश्रू ढाळण्याचा हक्क आहेच. पण त्याबरोबर प्रश्न विचारण्याचें कर्तव्यही त्याच्यावर येतें. शाळा किती चालू आहेत, शिक्षकांस वेतन मिळतें काय, खर्च कोण तपासतो, ह्यांचीं उत्तरें जी संस्था वर्षानुवर्षें देईल ती, तिचा संस्थापक कोणीही असो, साह्यास पात्र आहे. ‘थ्री कप्स ऑफ टी’ हें पुस्तक मात्र सत्यकथांच्या फळींतून काढून कादंबऱ्यांच्या फळींत ठेवावें. आणि तेथेंही तें मधल्या रांगेंतच बसेल, असें आम्हांस वाटतें.