हेनिन, जस्टिन

हेनिन, जस्टिन : (१ जून १९८२ – ). विख्यात बेल्जियन महिला टेनिसपटू. जन्म लिएझ येथे. ती बारा वर्षांची असताना आईचे निधन झाले. पुढे अर्जेंटिनाचे कार्लोस रॉद्रिगेस यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा खेळ घडला. १९९७ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धेत मुलींच्या एकेरीचे विजेतेपद मिळविले. १९९९ पासून ती व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळू लागली.

तिची उंची सु. १६७ सेंमी. तिच्या काळात महिला टेनिसमध्ये उंच व ताकदवान खेळाडूंचे वर्चस्व होते आणि बहुतेक जणी बॅकहँडचा फटका दोन्ही हातांनी मारीत. हेनिनचा बॅकहँड मात्र एकहाती होता. तो कधी फिरकी देऊन जोरकस, तर कधी कापून संथ व सखल मारण्यात ती निष्णात होती. त्याला चपळ पदन्यासाची व जाळ्याजवळील खेळाची जोड लाभल्याने प्रतिस्पर्ध्यास लय सापडत नसे. फ्रेंच स्पर्धेच्या संथ मातीच्या मैदानावर या वैविध्याला पुरेसा अवधी मिळे. तेथे ती चार वेळा (२००३, २००५, २००६, २००७) विजयी झाली. याखेरीज अमेरिकन (२००३, २००७) व ऑस्ट्रेलियन (२००४) अजिंक्यपदे आणि अथेन्स ऑलिंपिकचे सुवर्णपदक (२००४) तिने मिळविले. २००७ च्या अमेरिकन स्पर्धेत तिने सेरेना व व्हीनस या विल्यम्स भगिनींना लागोपाठ हरविले. केवळ ताकदीवर कौशल्याने मात करता येते, याचा हा ठळक पुरावा होय.

सर्व्हिसमधील अनिश्चितता हा तिच्या खेळातील प्रमुख दोष. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात ती दोनदा (२००१, २००६) पराभूत झाली. तिच्या खिलाडूवृत्तीविषयीही वाद झाले. २००३ च्या फ्रेंच उपांत्य सामन्यात सेरेनाच्या सर्व्हिसच्या वेळी तिने हात उंचावून थांबण्याची खूण केली. पंचांच्या ते लक्षात आले नाही आणि तिनेही ते सांगितले नाही. २००६ च्या ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यातून पोटाच्या विकारामुळे तिने घेतलेली माघारही टीकेचा विषय ठरली. या प्रसंगांनी तिच्या कीर्तीला गालबोट लागले. तथापि खेळाची गुणवत्ता त्याने उणावत नाही.

मे २००८ मध्ये जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असतानाच ती निवृत्त झाली. विंबल्डन जिंकण्याच्या इच्छेने २०१० मध्ये ती परतली. परंतु त्याच स्पर्धेत कोपराला दुखापत झाली व जानेवारी २०११ मध्ये तिने पुन्हा निवृत्ती पत्करली. एकेरीची एकूण ४३ विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात तिचा समावेश झाला. विंबल्डनची उणीव राहिली, तरी महिलांच्या एकहाती बॅकहँडचा उत्कृष्ट आविष्कार म्हणून तिचा खेळ महत्त्वाचा मानला जातो.