दोन सेकंदांचं भाडं

फर्स्ट शिफ्ट करून, घरी जाऊन, हातपाय धुऊन तुम्ही पुन्हा इथवर आलात. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला विषयावर येतो. आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरचा गेम सुरू होताना आधी एक लोगो येतो. तो गेम बनवणाऱ्याचा नसतो. ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनला, त्या कंपनीचा असतो. या लोगोवर तासभर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं. एका मुलीने माझं मत बदललं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गेम-स्पर्धेत मी परीक्षक होतो. स्पर्धेचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. आपल्या भागातल्या एका मुलीने गेम आणला होता. आई एमआयडीसीत नाइट शिफ्टला गेली आहे, घरात लाइट नाही आणि लहान मुलगा सकाळची वाट बघतोय. एवढाच खेळ. तिने लिहून दिलं होतं की गेमची सुरुवात अंधारात होते, काही दिसत नाही, फक्त लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. मी गेम लावला. अंधार आला आणि त्या अंधारात पहिल्यांदा उजळला तो इंजिनाचा लोगो. तो गेला, मग भोंगा वाजला. पण तोवर माझ्या डोक्यात एक वाक्य येऊन गेलं होतं : ‘अच्छा, फुकटच्या व्हर्जनवर केलंय.’ मी पुढचा गेम त्याच नजरेने पाहिला, आणि मांडणीच्या रकान्यात एक गुण कमी दिला.

नंतर ती भेटली. मी शहाणपणाने सांगितलं, ‘सुरुवात छान सुचली होती, पण लोगोने मोडली.’ ती म्हणाली, ‘सर, तो लोगो काढायला पैसे लागतात.’

मला नियम माहीत होता. तिला गुण देताना मी तो विसरलो होतो.

आता इंजिन म्हणजे काय, ते थोडक्यात. गेममध्ये चेंडू टाकला तर तो खाली पडला पाहिजे, भिंतीवर आपटून परत आला पाहिजे, दिव्याखाली सावली पडली पाहिजे. हे सगळं प्रत्येकाने शून्यापासून लिहायचं ठरवलं तर आयुष्य त्यातच जाईल. म्हणून काही कंपन्या हा सगळा तयार कारखाना लायसन्सवर देतात. युनिटी हे त्यातलं फार मोठं नाव. कंपनी २००४ साली कोपनहेगनमध्ये सुरू झाली, इंजिन २००५ मध्ये आलं. २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने इंजिनाची ताकद फुकटच्या ‘पर्सनल’ लायसन्समध्येही खुली केली. अट अशी की वर्षाची कमाई किंवा मिळालेला निधी १ लाख डॉलरच्या आत हवा. आणि दुसरी अट : गेम उघडताना आमचा लोगो दिसलाच पाहिजे. पुढे मागचा रंग बदलायची, शेजारी स्वतःचा लोगो लावायची सोय दिली. पण त्यांचा लोगो किमान दोन सेकंद राहणार, तो काढता येणार नाही. काढायचा तर पैसे भरून वरचं लायसन्स घ्या.

यावर कोणी म्हणेल, बरोबरच आहे की! ज्याने कारखाना दिला, त्याचं नाव नको का लागायला? हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, आणि तो समजून घ्यायला बोईसरइतकी चांगली जागा नाही.

इथे बसलेले बरेच जण औषध कंपन्यांत काम करतात. तुम्हाला ‘लोन लायसन्स’ समजावून सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान पुढे ऑनलाइन वाचलं जाईल, म्हणून सांगतो. ज्याच्याकडे स्वतःचा कारखाना नाही, तो दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपलं औषध बनवून घेऊ शकतो. तशी कायद्यात तरतूद आहे. गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा. पुढे मोठ्या अक्षरात ब्रँड असतो. मागे बारीक अक्षरात औषध कोणी बनवलं, कुठल्या पत्त्यावर बनवलं, लायसन्स नंबर काय, बॅच कुठली, हे असतं. ‘मार्केटेड बाय’ म्हणून वेगळंच नाव असू शकतं. बनवणाऱ्याचं नाव तिथे सक्तीचं आहे. का? उद्या गोळीत काही खोट निघाली तर कोणाला धरायचं, हे कळावं म्हणून. ही जबाबदारीची सही आहे. आणि स्ट्रिप स्वस्त असो वा महाग, ती चुकत नाही. जास्त पैसे भरा आणि निर्मात्याचं नाव काढून टाका, असं तिथे चालत नाही.

इथेच लोगोची गोष्ट वेगळी होते. गेम अडकला, बंद पडला, तर इंजिनाची कंपनी खेळणाऱ्याला उत्तर द्यायला येत नाही. ती जबाबदारी बनवणाऱ्याचीच. म्हणजे ही सही जबाबदारीची नाही. मग श्रेयाची आहे का? श्रेय म्हणाल तर ज्याने पैसे भरले, त्याच्याही गेमला तेवढंच इंजिन लागलंय. २०१६ मध्ये जगाला रस्त्यावर आणणारा ‘पोकेमॉन गो’ युनिटीवर बनला. २०२० चा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ही युनिटीवरच. ते गेम उघडताना तुम्हाला त्यांच्या स्वतःच्या कंपन्यांची नावं दिसतात. श्रेय हे पैसे भरून मिटतं का हो? मिटतं ते देणं. भाडं मिटतं. तो लोगो भाडं आहे, आणि ज्याच्याकडे रोख नाही त्याच्याकडून ते त्याच्या कलाकृतीच्या पहिल्या दोन सेकंदांत वसूल होतं.

जुनं उदाहरण घेऊ. सिनेमात रंग आले तेव्हा टेक्निकलर कंपनीचा दबदबा असा होता की कॅमेरा त्यांचा, प्रयोगशाळा त्यांची आणि रंगांची सल्लागारही त्यांचीच. नॅटली काल्मस हे नाव हॉलिवूडच्या कितीतरी रंगीत चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दिसतं, ते या करारापोटी. आपल्याकडे सोहराब मोदींनी १९५३ मध्ये ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये केला, तेव्हा ते नाव मिरवण्याचं होतं. म्हणजे नाव लावण्याची सक्ती तेव्हाही होती. पण टेक्निकलरचं नाव वाढलं, आणि युनिटीच्या लोगोला मात्र ‘स्वस्तातला गेम’ असा वास चिकटला. असं का झालं?

कारण साधं आहे. टेक्निकलर महाग होतं. ज्यांच्याकडे पैसा होता, तेच ते नाव लावत. इथे उलटं केलं. पैसेवाल्यांना लोगो काढायची मुभा दिली, आणि नवशिक्यांना, विद्यार्थ्यांना, फावल्या वेळात गेम करणाऱ्यांना तो सक्तीचा केला. त्यांत चांगले गेम होते, तसे घाईघाईने जोडलेलेही ढिगाने होते. खेळणाऱ्याने लोगो पाहिला तो बहुतेक अशा गेमवर. चांगल्या, मोठ्या गेमवर तो दिसलाच नाही. म्हणजे कंपनीने स्वतःच्या हाताने आपलं नाव कच्च्या मालावर छापलं आणि पक्क्या मालावरून पुसलं. तुमच्या एमआयडीसीत कुठला मालक असं करेल? आणि याचा फटका कंपनीच्या आधी त्या मुलीला बसला.

तिसरं उदाहरण कॉम्प्युटरवरच्या स्टिकरचं. १९९१ मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू केली. आतला तुकडा इंटेलचा, डबा दुसऱ्या कंपनीचा. डब्यावर आणि जाहिरातीत आपलं चिन्ह यावं म्हणून इंटेलने त्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा वाटा उचलला. दुसऱ्याच्या दारावर आपली पाटी लावायची तर त्या दाराची किंमत असते, हे इंटेलने मान्य केलं होतं. गेमच्या बाबतीत दार पोराचं, पाटी कंपनीची आणि उपकारही कंपनीचेच.

आता दुसरी बाजू, आणि ती खरी आहे. हे इंजिन फुकट नसतं तर त्या मुलीने गेम केलाच नसता. पालघर-बोईसरमधल्या कॉलेजातल्या पोराला तेच हत्यार हातात मिळतं, जे मोठ्या स्टुडिओत वापरतात. ही मोठी गोष्ट आहे. त्याच्या बदल्यात दोन सेकंद मागितले तर काय बिघडलं? मी म्हणतो, व्यवहार म्हणून ठीक आहे. पण मग त्याला व्यवहार म्हणा. ‘मेड विथ युनिटी’ असं लिहिलं की खेळणाऱ्याला वाटतं, बनवणाऱ्याने आपणहून कौतुकाने लिहिलंय. आभार आणि भाडं एकाच पावतीवर लिहू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे भाडंच होतं, हे पुढे कंपनीच्या वागण्यातून दिसलं. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक मर्यादेपुढे, गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा फी लागेल. जगभरातले गेम बनवणारे खवळले. दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने सुधारित अटी आणल्या. त्यांत छोट्यांना फी माफ झाली, पर्सनल लायसन्सची मर्यादा २ लाख डॉलर झाली, आणि गंमत बघा, पुढच्या आवृत्तीपासून लोगोची सक्तीही उठली. फीच्या भांडणात लोगो सवलत म्हणून टेबलावर आला. ज्याची सवलत देता येते, ते भाडंच असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘युनिटी ६’ आलं, आणि आता फुकटच्या लायसन्सवरही लोगो ऐच्छिक आहे. ती इन्स्टॉलवरची फी त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, रद्द झाली होती.

लोगोशिवाय चालतं का? चालतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. तो अनरिअल इंजिनवर आहे. अनरिअलच्या अटींत उघडताना लोगो दाखवायची सक्ती नाही. श्रेयनामावलीत ठरलेल्या शब्दांत उल्लेख करावा लागतो. उलट त्यांचा लोगो वापरायचा तर वेगळी परवानगी लागते. गोडो नावाचं इंजिन तर मुक्त परवान्यावर आहे. सुरुवातीला त्याचं चिन्ह येतं, पण ते बदलायला कोणी पैसे मागत नाही. परवान्याचा मजकूर कुठेतरी द्या म्हणजे झालं. तरी पुष्कळ जण आपणहून त्याचं नाव लावतात. सक्ती नसताना लावलेलं नाव, त्याला मी श्रेय म्हणतो.

आपल्याला हे नाटकामुळे चांगलं कळायला हवं. तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहात अंधार होतो, आणि त्या अंधारात लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, संगीत, प्रकाशयोजना अशी नावं ऐकू येतात. मग पडदा. लाइटचं सामान ज्याने भाड्याने दिलं, त्याचंही नाव कधी येतं, आभारात येतं आणि यायलाच हवं. पण पडदा उघडल्यावर पहिला प्रकाश त्याच्या दुकानाच्या पाटीवर पडत नाही. तो पहिला क्षण नाटकाचा असतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी आठवा. तीही चिन्हच होती, पण जे चित्र येणार त्याच्या कर्त्याचं चिन्ह होती. ती वाजली की लोक सावरून बसायचे. त्या मुलीची तुतारी म्हणजे तो भोंगा होता. तिच्याआधी दुसऱ्याचंच काहीतरी वाजलं.

सक्ती गेली, मग आज हे का बोलायचं? कारण जुन्या आवृत्तीवर केलेले गेम तसेच आहेत. आणि त्याहून चिवट आहे ती आमची नजर. परीक्षक, शिक्षक, नोकरीला घेणारे, आम्ही अजूनही लोगो पाहून गेमची किंमत ठरवतो. माझी विनंती आहे, स्पर्धेत बसाल तेव्हा पहिले दोन सेकंद गुणांत धरू नका. आणि मुलांनो, इंजिनाचं नाव शेवटी श्रेयनामावलीत नीट लिहा. ज्याने फुकट शिकवणीचे व्हिडिओ टाकले, त्याचंही लिहा. ज्या मित्राने भोंगा रेकॉर्ड करून दिला, त्याचंही लिहा. पण तुमचा गेम ज्या क्षणी सुरू होतो, तो क्षण तुमचा ठेवा.

त्या स्पर्धेचे गुण आता बदलता येत नाहीत. तिला मी नंतर कळवलं की एक गुण माझ्याकडे राहिलाय. तिचं उत्तर आलं, ‘सर, नवीन आवृत्तीत परत केलाय, खेळून बघा.’ मी खेळलो. अंधार होता, आणि सगळ्यात आधी भोंगा वाजला.