लाळेचा अर्धाच धडा

पिष्टाची खळ, आयोडीनचे दोन थेंब आणि परीक्षानळीत थोडी लाळ. निळा रंग गेला की 'लाळेचे कार्य' शिकवून झाले! प्रयोग चांगला आहे, तो जरूर करावा. तक्रार आहे ती त्यानंतरच्या वाक्याबद्दल: लाळ म्हणजे पचनाची सुरुवात. हे चूक नाही, अपुरे आहे. घास तोंडात असतो काही सेकंद. लाळ मात्र झोपेतही थोडीथोडी पाझरत असते. ती कशासाठी, हे धड्यात येतच नाही.

१९८८ साली बोस्टन येथील ओपनहाइम व सहकाऱ्यांनी मानवी लाळेतील 'हिस्टॅटिन' या पेप्टाइडांची रचना प्रसिद्ध केली. त्यांतील हिस्टॅटिन-५ अवघे २४ अमिनो आम्लांचे, त्यांपैकी ७ हिस्टिडीन. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्याही तोंडात मुक्कामाला असते. हे पेप्टाइड तिला मारते. आधी वाटले, ते पेशीपटलाला भोके पाडत असावे. पुढे दिसले ते अधिक मजेदार. पॉलिअमाइन ही संयुगे आत घेण्यासाठी बुरशीने जी वाहक प्रथिने ठेवलेली असतात, त्यांच्याच वाटेने हिस्टॅटिन आत शिरते. मग पेशीतील एटीपी आणि पोटॅशियम बाहेर गळू लागतात.

मात्र यावरून लाळेला 'निसर्गदत्त औषध' म्हणणारे लेखही मला तितकेच खटकतात. प्रयोगशाळेतले हे यश बहुधा क्षार अगदी कमी असलेल्या द्रावणातले असते. क्षार वाढले की हिस्टॅटिनचा जोर ओसरतो. लाळेतलीच विकरे त्याचे तुकडे करतात, बुरशीही करते. शिवाय लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, प्रतिपिंडे अशी इतर मंडळी लाळेत आहेतच. श्रेय एकट्याचे नाही. जखमेला थुंकी लावण्याचे समर्थन तर यातून मुळीच होत नाही.

लाळेची किंमत कळते ती तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णाला. लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की लाळ आटते आणि पुष्कळदा तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठतात. तंबाखूपायी हा रोग आपल्याकडे फार; वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरीही असा रुग्ण असेल. आजोबांना कोरडी भाकरी का गिळवत नाही, हे त्याला उमगते. चट्टे का, हे आपला धडा त्याला सांगत नाही.

परीक्षानळी धुण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारून पाहावे: पावाला बुरशी लागते, मग उबदार, ओलसर, अन्नकणांनी भरलेल्या तोंडात ती तशी का माजत नाही?