कपाटातील एक रिकामी जागा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही बैठकीतले काचेचे कपाट उघडले आणि आतल्या साऱ्या चित्रफिती अंगणात, ऊन येईल अशा सतरंजीवर मांडल्या. निम्म्याहून अधिक फितींवर पांढरी बुरशी चढलेली होती. त्या लावून पाहण्याचे यंत्र चार वर्षांपूर्वीच बंद पडले, आणि हिंगोलीत ते दुरुस्त करणारा एकच गृहस्थ होता, त्याने आता मोबाइलचे दुकान घातले आहे. रविवारी दुपारी दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणावर प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवीत, त्या काळात आम्ही जेवणाचे ताट बाजूला सारून या फिती भरल्या होत्या. एका फितीत चित्रपटाचा शेवट नाही, कारण त्याच वेळी गावातील वीज गेली. तो शेवट आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

कपाट रिकामे झाले. ते पुन्हा भरायचे तर कसे, हा प्रश्न आला, आणि त्यातूनच हा लेख निघाला आहे. आता चित्रपट तबकडीवर मिळतात, बोटाएवढ्या पेटीत शंभर मावतात. म्हणजे जागेची अडचण उरली नाही. परंतु अडचण उरली नाही म्हणजे निवडीची गरजही उरली नाही, असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्याकडे सर्व काही आहे तो संध्याकाळी काय पाहावे हे ठरविण्यातच संध्याकाळ घालवितो. म्हणून आम्ही घरात नियम केला: एकच फळी, आणि तीवर बाराच चित्रपट. अट अशी, की ज्यांना अक्षरओळख नाही अशा आमच्या वृद्ध आत्याबाईंपासून दहावीतल्या पुतण्यापर्यंत सर्वांनी एकत्र बसून तो चित्रपट पाहता यावा, आणि वर्षभराने पुन्हा पाहावासा वाटावा.

अशा याद्या करणे हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे कोणी समजू नये. चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, खुद्द व्हॅटिकननेच पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली होती. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, आणि प्रत्येकी पंधरा चित्रपट. यादी करणाऱ्यांची दृष्टी कोती नव्हती. मूल्यांच्या विभागात 'बायसिकल थीव्हज' आहे, बर्गमनचा 'सेव्हन्थ सील' आहे, आणि कलेच्या विभागात चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'ही आहे. भारताचा संबंध येतो तो ॲटनबरो यांच्या 'गांधी'पुरता. सत्यजित राय त्या यादीत नाहीत. 'पाथेर पांचाली'ला १९५६ साली कान येथे उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरविले गेले होते, तरी नाहीत. आणि आमच्या मते त्याहूनही मोठी उणीव म्हणजे, धर्माच्या विभागात 'संत तुकाराम' नाही. रोमहून पाहणाऱ्याला देहू दिसले नाही, याबद्दल आम्ही रागावत नाही. तथापि ते दाखविणे हे आमचे, मराठी बोलणाऱ्यांचे, काम आहे. वास्तविक हा चित्रपट इटलीने पाहिलेला होता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला.

तेव्हा आमच्या फळीवर पहिला मान 'संत तुकाराम'चा. प्रभातने तो १९३६ मध्ये काढला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि गौरी नावाची, प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी बाई जिजाई झाली. चमत्कारांची दृश्ये आज बाळबोध वाटतात, आमचा पुतण्या विमान पाहून हसला, आणि आम्ही त्याला हसू दिले. कारण चित्रपट विमानावर उभा नाही, तो जिजाईवर उभा आहे. नवरा देवाचा झाला की घरात पीठ कोठून येते, हा प्रश्न संतचरित्रे सहसा विचारीत नाहीत. जिजाई तो चित्रपटभर विचारते. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला घेऊन, हातात पायतण धरून, विठ्ठलाला जाब विचारावयास देवळात शिरते. आत्याबाई त्या ठिकाणी दर वेळी पदराने डोळे पुसतात आणि दर वेळी म्हणतात, "बाई बरोबर बोलते." दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांचे मोठेपण असे, की त्यांनी जिजाईला चूक ठरविले नाही आणि तुकारामांनाही नाही. दोघांपैकी एकाला लहान करणे किती सोपे होते! पुढच्या पन्नास वर्षांत निघालेल्या कितीतरी संतपटांनी तेच केले.

या चित्रपटातले बीज आणि वृक्षाचे पद पुष्कळांना तुकोबांचा अभंग वाटतो. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले, आणि चाल केशवराव भोळ्यांची. हे सांगितले की आमच्याकडे येणारे वारकरी स्नेही क्षणभर विश्वास ठेवीत नाहीत. यापेक्षा अधिक मोठी पावती कोणत्या गीतकाराला मिळणार?

आणि आणखी एक गोष्ट, जी आम्हांस या पानांवर आवर्जून नोंदवावीशी वाटते. तुकारामांचे हे चित्र घडविणाऱ्या जोडीतील शेख फत्तेलाल हे मुसलमान होते. त्याच जोडीने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला, त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. कृष्णाच्या भूमिकेत तर त्यांना लोकांनी इतक्या वेळा पाहिले की घराघरांत तोच चेहरा कृष्णाचा झाला. त्या वेळच्या प्रेक्षकांनी याबद्दल कपाळाला आठी घातली नाही. नामदेवांचे नरसी गाव आमच्याच जिल्ह्यात आहे, तेथील दिंड्या आमच्या दारावरून जातात, आणि त्यांतल्या वयस्कर मंडळींना शाहू मोडक म्हटले की अजूनही ज्ञानेश्वर आठवतात. मात्र 'संत ज्ञानेश्वर' आम्ही फळीवर घेतलेला नाही. भिंत चालविण्याच्या प्रसंगावर चित्रपट फार विसंबतो, आणि जिजाईसारखे कोणी त्यात नाही.

मोडकांसाठी आम्ही 'माणूस' निवडला. शांतारामबापूंचा हा १९३९ चा चित्रपट. गणपत नावाचा साधा शिपाई धाडीच्या रात्री मैनेला वाचवितो, आणि मग तिला त्या वस्तीतून बाहेर काढण्याची धडपड करतो. शांता हुबळीकरांची मैना पाहताना मग्दलेना मारियेची आठवण होणे आमच्या वाचकांना स्वाभाविक आहे, परंतु येथे फरक आहे आणि तो कटू आहे. गणपतच्या आईच्या देवघरापाशी पोहोचल्यावर मैनेलाच आपण येथे बसण्याजोग्या नाही असे वाटते. तिला कोणी हाकलले नाही. इतकी वर्षे इतक्या जणांनी हाकलल्यावर तसे करण्याची कोणाला गरजच राहत नाही. क्षमा करणारा मिळाला तरी ती घेण्याचे बळ उरलेले नसते, ही गोष्ट इतक्या संयमाने सांगणारा दुसरा मराठी चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. मध्येच बागेतल्या प्रेमगीतांची फर्मास थट्टाही आहे, आणि ती आज अधिकच लागू पडते.

'कुंकू' (१९३७) घेण्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानण्याचे नाकारते. पार्श्वसंगीत नाही, केवळ घरातले आवाज, आणि घड्याळाचे ठोके. शांता आपट्यांचे डोळे त्या काळात एखाद्या तरुण मुलीने पडद्यावर वर करून पाहावे तसे पाहतात, म्हणजे थेट. आमचा आक्षेप शेवटाविषयी. म्हातारा काकासाहेब जीव देतो आणि नीरा मोकळी होते. केशवराव दाते यांनी ती भूमिका अशी केली आहे, की त्या माणसाची लाज वाटण्याऐवजी त्याची कीव येते, आणि शेवटी सारी सहानुभूती तोच घेऊन जातो. नीरेचा लढा तिने जिंकला की त्याने तिला सोडून दिले? आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की १९३७ साली याहून निराळा शेवट करता आला असता तर तो प्रश्नच शिल्लक राहिला नसता. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपट फळीवर आला. आक्षेप मात्र आम्ही मागे घेतलेला नाही.

पुढचे चित्रपट भराभर ठरले. 'श्यामची आई', अत्र्यांची, १९५३ सालची, जिला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तिच्याविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही, ज्याने ती पाहिली त्याला ठाऊक आहे. राजा परांजप्यांचा 'जगाच्या पाठीवर' माडगूळकर आणि फडक्यांसाठी. डॉ. जब्बार पटेलांचे 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' हे तिन्ही. एकाच दिग्दर्शकाचे तीन, हा पक्षपात आहे आणि तो आम्ही कबूल करतो. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्याला निळूभाऊंचा हिंदुराव परका वाटत नाही, इतकेच म्हणतो. बाहेरून 'पाथेर पांचाली' आणि 'बायसिकल थीव्हज'. सायकल चोरीला गेल्यावर घराचे काय होते हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. गोमंतकातून 'निर्मोण' (१९६६). टेनिसनच्या दीर्घकाव्यावरून घेतलेली दर्यावर्दी नवऱ्याची ही कोकणी कथा पुढे हिंदीत 'तकदीर' झाली. भाषा आत्याबाईंना निम्मी कळते, रडू मात्र पूर्ण येते.

अकरा झाले. बाराव्या जागेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सारी यादी आम्ही तिच्याभोवतीच मांडली असे आता वाटते.

१९२५ साली कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा आणि शेवटी शहरात मजुरीला लागणारा शेतकरी त्यात तरुण शांतारामबापूंनी केला होता. ज्यांनी तो पाहिला त्यांनी काळोखातली झोपडी आणि भुंकणारे कुत्रे यांविषयी लिहून ठेवले आहे. भारतीय पडद्यावर खरा शेतकरी पहिल्यांदा आला तो येथे, असे जाणकार सांगतात. आमच्या जिल्ह्यात राहून घरच्यांना एकच चित्रपट दाखवावयाचा असता तर आम्ही हाच दाखविला असता. येथे कर्ज हा शब्द कोशातून शिकावा लागत नाही. कापूस गेला, सोयाबीन भिजले, वसमतच्या बाजारात हळदीचा भाव पडला, की पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी ओट्यावर माणसे शांत बसलेली दिसतात. आम्हीही अशा ओट्यांवर बसलो आहोत, आणि तेथे काय बोलावे ते आम्हांस एकदाही सुचलेले नाही.

आणि हा चित्रपट आज उपलब्ध नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर नव्हे तरी फार तर दोन-तीन ओंजळींत मावतील इतकेच उरले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेही काही तुकडेच हाती आहेत. जुनी फिल्म ज्वालाग्राही, आणि चांदीसाठी ती विकली जाई. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात निघाले तोवर बरेच हातचे गेले होते, आणि जे जमविले त्यांतलेही पुष्कळ जानेवारी २००३ मध्ये, प्रभातच्याच जुन्या आवारातील कोठाराला लागलेल्या आगीत जळाले. अंगणातल्या बुरशी चढलेल्या फिती पाहताना आम्हांला स्वतःचे हसू आले आणि थोडी भीतीही वाटली.

पुतण्याने सुचविले की त्या जागी २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' ठेवावा. सतीश मनवरांचा तो चित्रपट चांगला आहे, विदर्भातल्या शेतकऱ्याची बायको नवऱ्यावर चोवीस तास डोळा ठेवते, कारण शेजारच्याने जीव दिला आहे, आणि त्या पहाऱ्यातला विनोद अंगावर येतो. आम्ही तो आणला, सर्वांनी पाहिला, आणि तो फळीखालच्या खणात ठेवला. बारावी जागा मात्र आम्ही रिकामी ठेवली आहे.

यात नुसती भावविवशता नाही. व्हॅटिकनच्या यादीतच ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' आहे, १९२८ चा. त्याची मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी आगीत गेली, आणि दिग्दर्शक आयुष्यभर असे समजून राहिला की आपला चित्रपट आपण केला तसा आता कोणी पाहणार नाही. १९६८ मध्ये तो वारला. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९८१ साली, नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात अडगळीच्या कपाटात त्याची जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. ती तेथे कोणी, कशासाठी ठेवली होती हे उलगडले नाही. कोणा वाड्याच्या माळ्यावर, कोणा बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजच्या पेटाऱ्यात पत्र्याचे गोल डबे पडलेले असतील, तर ते भंगारात घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवावेत, एवढी विनंती आम्ही या निमित्ताने वाचकांना करतो. ते डबे घरात उघडून ठेवू नयेत आणि चुलीपासून दूर ठेवावेत.

यादीवर अद्याप सर्वांची सही झालेली नाही. 'सांगत्ये ऐका' वगळल्याबद्दल आत्याबाई रुसल्या आहेत. पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये जो सुमारे अडीच वर्षे चालला, जो त्यांनी स्वतः औंढ्याच्या जत्रेत तंबूत बसून तीन वेळा पाहिला, तो चित्रपट तुमच्या फळीवर नाही तर ही फळी कोणाची, असे त्या विचारतात. तमाशाचा फड दाखविणारे पुढचे पुष्कळ चित्रपट त्याच्या नकलेवर जगले, म्हणून आम्हांला त्याचा कंटाळा आला असावा, हा दोष त्याचा नव्हे. 'जगाच्या पाठीवर' काढून तो ठेवावा की काय, याचा निर्णय येत्या रविवारी दोन्ही पुन्हा पाहून करावयाचा आहे.