थ्रेडपक्षाचे समर्थन : एक परीक्षण

वेब-सर्व्हरची रचना थ्रेडांवर आधारावी की घटनांवर, हा वाद जुना आहे. जॉन ऑस्टरहाउट यांनी 1996 साली युसेनिक्सच्या परिषदेत थ्रेडांविरुद्ध बाजू मांडली. 2003 साली बर्कली येथील फॉन बेरेन, कॉन्डिट व ब्रूअर यांनी घटनापद्धतीचेच दोष दाखविणारा निबंध लिहून तिला उत्तर दिले. आमचे विद्यार्थी या निबंधाचा हवाला वारंवार देतात, आणि तोही बहुधा केवळ शीर्षकावरून. म्हणून त्याचे परीक्षण अगत्याचे वाटते.

निबंधाचे मर्म असे की, थ्रेडांवर लादलेले दोष मूळ कल्पनेचे नसून विशिष्ट घडणीचे आहेत. हे दाखविण्यासाठी लेखकांनी जीएनयू पीटीएच या थ्रेडसंचातील, थ्रेडांच्या संख्येबरोबर वाढत जाणारी कामे काढून टाकली व 1 लाख थ्रेडांपर्यंत मजल मारली. सलग वाचता येणारा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमहून सुबोध असतो, हे त्यांचे म्हणणेही आम्हांस मान्य आहे.

परंतु हे थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचे नव्हेत. कर्नलच्या नकळत, एकाच प्रोसेसच्या पोटात, आपण होऊन पाळी सोडणारे ते थ्रेड आहेत. अशा थ्रेडांत आणि घटनाचक्रात अंतर ते किती? आरोपी निर्दोष सुटला खरा. पण पिंजऱ्यात उभा होता तो दुसराच. तुलनाही समतोल नाही : त्यांचा 'नॉट' सर्व्हर सी भाषेतला, तर प्रतिस्पर्धी 'हबूब' जावातला.

प्रत्यक्ष सर्व्हर लिहिणाऱ्यास मात्र कर्नल देईल त्यावरच भागवावे लागते. अपाचीच्या 2002 मधील 2.0 आवृत्तीत जोडण्या हाताळणारा भाग मुद्दाम बदलता येण्याजोगा ठेवला गेला. युनिक्सवर 'प्रीफोर्क', म्हणजे दर जोडणीस एक प्रोसेस. विंडोजवर नवी प्रोसेस महाग पडते, म्हणून तेथे एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड. युनिक्सवर थ्रेडांचा 'वर्कर' उपलब्ध असूनही पीएचपी वापरणारे पुष्कळजण प्रीफोर्कलाच चिकटून राहिले, कारण पीएचपीला लागणाऱ्या काही लायब्रऱ्या थ्रेडांत सुरक्षित नव्हत्या. हा दोष कल्पनेचाही नव्हे आणि थ्रेडांच्या घडणीचाही नव्हे. तो भोवतालच्या सॉफ्टवेअरचा आहे, आणि निबंधाच्या दोन कप्प्यांत त्याला जागाच नाही.

निष्क्रिय जोडणीचा प्रश्नही असाच. ब्राउझर जोडणी उघडी ठेवून स्वस्थ बसला, की 'वर्कर'मधील एक थ्रेड विनाकारण अडकून पडतो. 2012 च्या 2.4 आवृत्तीत प्रायोगिक अवस्थेतून बाहेर पडलेल्या 'इव्हेंट' विभागात अशी जोडणी देखरेख करणाऱ्या एका थ्रेडाकडे परत जाते, आणि नवी मागणी आली म्हणजेच ती पुन्हा एखाद्या मोकळ्या थ्रेडाच्या हाती दिली जाते.